कॉर्डलेस अवजारांच्या बॅटऱ्या आणि चार्जर : सुरक्षित वापरापासून विल्हेवाटीपर्यंत

वायरच्या ड्रिलचा प्लग सॉकेटमधून काढला की ते अवजार निर्धोक होते. कॉर्डलेस ड्रिलच्या बाबतीत ही सोय नाही, कारण ऊर्जेचा साठा अवजारालाच जोडलेला असतो आणि बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी तो साठा तिच्यात तसाच राहतो. बॅटरीला बंद करण्याचे बटण नसते. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास क्षमतेच्या, एका हातात धरता येणाऱ्या बॅटरी-पॅकमध्ये ९० वॉट-तास ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचे एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला येते. मोटर थांबली म्हणजे बॅटरी ‘संपली’ असे आपण म्हणतो, पण त्या क्षणीही तिच्यात थोडा चार्ज आणि आतला ज्वलनशील द्रव शिल्लक असतो. नवख्या माणसाने ही एक गोष्ट आधी नीट समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक सूचनांची कारणे त्याला वेगळी सांगावी लागत नाहीत.

पहिली पायरी : लेबल वाचणे

पॅकच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला असलेले लेबल वापरण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचावे. त्यावर बॅटरीचा रासायनिक प्रकार, व्होल्ट, अँपिअर-तास आणि बहुधा वॉट-तास दिलेले असतात; वॉट-तास दिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. सध्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक अवजारांत लिथियम-आयन बॅटरी असते. जुन्या अवजारांसोबत निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड पॅक अजूनही सापडतात. हा फरक चार्जिंगच्या वेळी महत्त्वाचा असतोच, पण टाकून देण्याच्या वेळी तो त्याहून जास्त महत्त्वाचा ठरतो.

व्होल्टच्या आकड्यांनी नवखे ग्राहक हमखास गोंधळतात. पॅक लहान लहान सेल जोडून बनवलेला असतो. एका लिथियम-आयन सेलचा विजेचा सरासरी दाब साधारण ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचा दाब ४.२ व्होल्ट असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्ज असताना २१ व्होल्टपर्यंत जातात. त्यामुळे ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ हे बहुतांशी एकाच पाच सेलांच्या पॅकचे वर्णन करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि ‘१२ व्होल्ट मॅक्स’ म्हणजे तीन सेलांचा १०.८ व्होल्टचा पॅक असतो. मात्र आकडे जुळले म्हणून एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या अवजारावर किंवा चार्जरवर चालतो असा अर्थ कोणी काढू नये. त्याचे कारण पुढे येते.

पॅक विकत घेताना स्वस्त नकलांपासून सावध राहावे. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या प्रचलित सेलची क्षमता फार तर ३.५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणून अशा पाचच सेलांच्या पॅकवर ९ अँपिअर-तास छापलेले असेल तर ते छापणाऱ्याचे धाडस समजावे. या सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते, म्हणजे दहा सेलांच्या पॅकमध्ये केवळ सेलांचेच वजन अर्ध्या किलोच्या घरात जाते. मोठ्या क्षमतेचा दावा करणारा पॅक हातात विचित्र हलका लागत असेल तर तो घेऊ नये. नव्या पॅकचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवावा, कारण सदोष बॅटऱ्या परत मागवल्या जातात तेव्हा त्याच क्रमांकावरून आपला पॅक त्यात आहे का ते कळते.

दुसरी पायरी : चार्जिंग

अनेक अपघातांचे मूळ चार्जिंगच्या वेळच्या निष्काळजीपणात असते, म्हणून या भागावर थोडे रेंगाळणे भाग आहे.

सर्वप्रथम जागा ठरवावी. चार्जर टणक, सपाट आणि न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा. फरशी, दगडी ओटा किंवा सिमेंटचा कट्टा यांपैकी काहीही चालते. गादी, सोफा, कागदाचा गठ्ठा आणि लाकडाच्या भुशाने भरलेला सुतारकामाचा बाक या जागा वर्ज्य समजाव्यात. पेट्रोल, थिनर, व्हार्निश अशा वस्तू त्या जागेच्या आसपास नसाव्यात. चार्जरच्या भोवती चारही बाजूंनी हवा खेळेल इतकी मोकळी जागा सोडावी आणि त्यावर फडके टाकून ठेवू नये, कारण चार्जरच्या झरोक्यांतूनच त्याची उष्णता बाहेर जाते. झोपण्याच्या खोलीत किंवा घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर चार्जिंगची जागा करू नये. आग लागलीच तर ती आपल्या आणि दाराच्या मध्ये असता कामा नये.

दुसरी बाब जोडीची. पॅक त्याच कंपनीच्या, त्याच मालिकेसाठी बनवलेल्या चार्जरवरच लावावा. लिथियम-आयन पॅकचा चार्जर आधी ठरावीक विद्युतप्रवाह देतो, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या जवळ पोहोचला की दाब तेवढाच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी करत शेवटी थांबवतो. पॅकमधल्या उष्णता मोजणाऱ्या घटकाशी चार्जरचा सतत संपर्क असतो आणि पॅक फार गरम किंवा फार थंड असेल तर तो चार्जिंग सुरूच करत नाही. निकेल-कॅडमियमसाठी बनवलेल्या चार्जरची चार्जिंग थांबवण्याची पद्धत वेगळी असते. त्यावर लिथियम-आयन पॅक कसाबसा बसवला तर तो मर्यादेपलीकडे चार्ज होऊन पेटू शकतो. चार्जरवर लिहिलेला विजेचा दाब आपल्या सॉकेटमधल्या दाबाशी जुळतो का, हेही परदेशातून आणलेल्या चार्जरच्या बाबतीत आधी पाहावे.

तिसरी बाब तापमानाची. बॅटरी चार्जिंगला लावताना परिसराचे तापमान साधारण ५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. नेमकी मर्यादा त्या पॅकच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम सेलमधल्या ऋण अग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, आणि हा थर वाढत गेला तर सेलच्या आतच शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता निर्माण होते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि भरूनही येत नाही. काम करून नुकताच काढलेला गरम पॅक तसाच चार्जरवर ठेवण्याऐवजी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. तो लवकर निवावा म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळणे किंवा फ्रीजमध्ये ठेवणे टाळावे, कारण त्याने आत ओल धरते.

चार्जरवरच्या दिव्यांचे अर्थ प्रत्येक बनावटीत वेगळे असतात. लुकलुकणारा लाल दिवा एका चार्जरवर ‘थांबा, पॅक गरम आहे’ असे सांगतो, तर दुसऱ्यावर तोच दिवा ‘पॅक बिघडला आहे’ असे सांगतो. म्हणून अंदाज न बांधता पुस्तिका पाहावी आणि त्या खुणांचा तक्ता चार्जरजवळ चिकटवून ठेवावा.

काही गोष्टी सरळ सांगून टाकतो. रात्रभर किंवा घरात कोणी नसताना चार्जिंग लावू नये. पॅक पूर्ण चार्ज झाला की काढून घ्यावा आणि चार्जरचा प्लगही काढावा. वायर सोललेली, प्लग सैल किंवा आवरण तडकलेले असेल तर तो चार्जर वापरू नये. टेप गुंडाळून काम भागवणे ही दुरुस्ती नव्हे. चार्जर पावसात किंवा ओल्या हाताने हाताळू नये. त्यावर घराच्या आकाराची खूण असेल तर तो फक्त घरातच वापरण्यासाठी आहे. ग्राइंडरजवळ ठेवलेल्या चार्जरमध्ये लोखंडाचा बारीक कीस शिरतो आणि तो कीस वीज वाहून नेतो, म्हणून चार्जरची जागा ग्राइंडरपासून दूर असावी आणि प्लग काढून मगच कोरड्या मऊ ब्रशने झरोके साफ करावेत.

एक जुना सल्ला मात्र आता विसरलेलाच बरा. बॅटरी पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नका, असे अनुभवी कारागीर आजही सांगतात. तो सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्या वारंवार अर्धवट वापरल्यास त्यांची क्षमता घटल्यासारखी होत असे. लिथियम-आयन बॅटरीला वारंवार तळापर्यंत रिकामे करणेच बाधते, आणि ती अर्धी वापरून पुन्हा चार्जिंगला लावण्यात काहीही गैर नाही.

याहून धोकादायक युक्ती म्हणजे ‘मेलेला’ पॅक जिवंत करण्याची. फार दिवस पडून राहिलेला पॅक चार्जर स्वीकारत नाही, तेव्हा दुसऱ्या चार्ज असलेल्या पॅकच्या अग्रांना (वीज बाहेर येते त्या धातूच्या टोकांना) वायर जोडून त्याला थोडा चार्ज द्यायचा, असे ते तंत्र. सेलचा दाब फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे द्रवात विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी ते भलत्याच ठिकाणी जमून आतून शॉर्ट सर्किट घडवू शकते. चार्जरने पॅक नाकारला तर तो विनाकारण हटवादीपणा करत नाही. अग्रे कोरड्या फडक्याने पुसून एकदा पुन्हा लावून पाहावे, त्याच मालिकेच्या दुसऱ्या चार्जरवर पाहावे, आणि तरीही नकार आला तर पॅक विल्हेवाटीसाठी बाजूला काढावा.

तिसरी पायरी : काम करताना

बिट, पाते किंवा चकती बदलण्यापूर्वी, अवजार साफ करण्यापूर्वी आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी बॅटरी काढावी. फिरण्याची दिशा बदलणारे बटण मधल्या जागी आणून खटका अडकवता येतो, पण ती दुय्यम खबरदारी आहे. बोटे पात्याजवळ जाणार असतील तेव्हा बॅटरी काढलेलीच असावी.

काम चालू असताना मोटर अचानक थांबली तर बहुधा पॅकमधल्या किंवा अवजारातल्या संरक्षक सर्किटने जास्त भार किंवा उष्णता ओळखून वीज तोडलेली असते. अशा वेळी खटका पुन्हापुन्हा दाबून अवजाराला जबरदस्तीने चालवू नये. भार कमी करावा, पाते बोथट झाले आहे का ते पाहावे आणि पॅक निवू द्यावा.

आता वर अर्धवट सोडलेला मुद्दा. एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या अवजारावर बसवणारे प्लास्टिकचे अडॅप्टर मिळतात आणि ते मोहात पाडतात. सेल फार खाली जाण्याआधी वीज तोडण्याचे काम काही बनावटींमध्ये पॅकच्या आतले सर्किट करते, तर काहींमध्ये ते अवजाराच्या आत असते. पहिल्या प्रकारचे अवजार आणि दुसऱ्या प्रकारचा पॅक अशी जोडी अडॅप्टरने जुळवली तर ते काम करणारे कोणीच उरत नाही. ड्रिल उत्तम चालत असल्याचे दिसते आणि आत सेल खराब होत राहतात. माझ्या मते अडॅप्टरवर वाचवलेले पैसे ही बचत नसते.

काढलेला पॅक खिशात, खिळ्यांच्या डब्यात किंवा पान्यांच्या पेटीत सुटा टाकू नये. एखादा स्क्रू दोन अग्रांवर आडवा पडला की शॉर्ट सर्किट होऊन तो स्क्रू क्षणात लाल होतो. पॅकसोबत प्लास्टिकचे टोपण मिळाले असेल तर ते लावावे. नसेल तर प्रत्येक पॅक वेगळ्या कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, हीटरजवळ किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या पोहोचतील अशा ठिकाणी पॅक सोडू नये. उंचावरून पडलेला पॅक वरून धडधाकट दिसला तरी त्या दिवसापुरता वेगळा, मोकळ्या जागी ठेवून तो गरम होतो का किंवा फुगतो का ते पाहावे.

विमानाने जाताना सुटे लिथियम-आयन पॅक सामानाच्या कक्षात देता येत नाहीत. ते अग्रे झाकून केबिनमध्ये सोबत न्यावे लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॅकला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॉट-तासांच्या पॅकला विमान कंपनीची संमती लागते आणि असे सुटे पॅक दोनच नेता येतात. लेबलवरचा वॉट-तासांचा आकडा इथे उपयोगी पडतो.

चौथी पायरी : साठवण

महिनाभराहून अधिक काळ अवजार वापरायचे नसेल तर पॅक अवजारातून आणि चार्जरवरून काढून, साधारण अर्धा चार्ज असताना, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उष्ण जागी ठेवल्यास ती लवकर जुनी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवल्यास ती आपोआप होणाऱ्या घटीने धोक्याच्या पातळीखाली जाते. काही महिन्यांनी एकदा पाहून गरज असेल तर थोडे चार्ज करावे. मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागा निवडावी.

बिघाड ओळखणे आणि आणीबाणी

पॅकचे आवरण फुगणे, तडकणे किंवा वितळणे, वापर नसतानाही पॅक गरम राहणे, रंगाच्या थिनरसारखा गोडसर उग्र वास येणे, ओलसर डाग दिसणे, फुसफुस किंवा तडतड असा आवाज येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसले तरी पॅक पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि वापरूही नये. तो थंड व शांत असेल तर इमारतीबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, फरशीवर किंवा कोरडी वाळू घातलेल्या धातूच्या भांड्यात ठेवावा; भांड्याच्या धातूला अग्रे टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि झाकण घट्ट बंद करू नये, कारण आत वायू साठला तर भांडे फुटू शकते. गळलेला द्रव त्वचेला लागला तर भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

पॅकमधून आवाज किंवा धूर येऊ लागला असेल तर मात्र तो उचलायला जाऊ नये. एका सेलमध्ये सुरू झालेली उष्णतेची साखळी शेजारच्या सेलांत पसरते आणि ती बाहेरून थांबवणे कठीण असते, कारण तापलेल्या सेलमधले पदार्थ स्वतःच प्राणवायू सोडतात. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात आणि धूर स्वतःही भडकू शकतो. म्हणून क्रम असा ठेवावा : सर्वांना बाहेर काढावे, जाताना सहज शक्य असेल तर मुख्य बटणावरून चार्जरची वीज बंद करावी, दार लावून घ्यावे, अग्निशमन दलाला बोलवावे आणि लिथियम-आयन बॅटरी पेटली आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे.

आग अगदी लहान असेल, वीज बंद झालेली असेल आणि मागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तरच दुरून भरपूर पाणी मारावे. लिथियम पाण्यात पेटते म्हणून पाणी वापरू नये, असा समज पसरलेला आहे. तो धातुरूप लिथियमच्या बाबतीत खरा असला तरी या पॅकमध्ये लिथियम बहुतांशी संयुगांच्या रूपात असते, आणि इथे सर्वांत मोठी गरज सेलांना थंड करण्याची असते, जी पाणीच भागवते. पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने ज्वाळा विझतात, पण सेल गरमच राहतात. विझलेला पॅक काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पुन्हा पेटू शकतो. म्हणून तो घरात परत आणू नये.

शेवटची पायरी : विल्हेवाट

चार्ज नेहमीच्या मानाने फारच लवकर उतरू लागला, किंवा साध्या कामातही पॅक तापू लागला, की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. लेबलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते. त्याचा अर्थ हा पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नये असा आहे. कचरागाडीत कचरा दाबला जातो, तिथे पॅक चिरडला की आग लागते. सुक्या कचऱ्यात टाकणे हा सुद्धा उपाय नव्हे, कारण तिथेही तो दाबयंत्राखाली किंवा वेगळे करणाऱ्या कामगाराच्या हाती जातो. निकेल-कॅडमियमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. कॅडमियम मूत्रपिंडांना आणि हाडांना अपाय करणारा विषारी धातू आहे आणि तो जमिनीत व पाण्यात गेल्यावर नाहीसा होत नाही.

पॅक धडधाकट असेल तर आधी तो अवजारात लावून, अवजार आपणहून थांबेपर्यंत भाराविना चालवावे, म्हणजे शिल्लक ऊर्जा कमी होते. नंतर पॅक काढून अग्रांवर इन्सुलेशन टेप लावावी; अग्रे खाचेत असतील तर संपूर्ण खाच झाकावी. प्रत्येक पॅक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर रासायनिक प्रकार लिहावा, कारण लिथियम-आयन आणि निकेलच्या बॅटऱ्यांची पुनर्प्रक्रिया वेगवेगळी होते. मग तो कंपनीच्या सेवा केंद्रात, जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे, स्थानिक प्रशासनाच्या घातक कचरा संकलन केंद्रात किंवा परवानाधारक ई-कचरा केंद्रात द्यावा. खूप साठल्यावर एकदाच देऊ, असे म्हणून ढीग करू नये.

पॅक उघडून सेल वेगळे करणे, त्यावर खिळा मारून तो ‘निकामी’ करणे आणि तो जाळणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी रिकामी करण्याचा सल्लाही अनेक जण देतात. त्यात अग्रे गंजतात, ज्वलनशील व त्रासदायक वायू सुटतात आणि अग्रे गंजून तुटली की सेल आत चार्ज असलेलेच राहू शकतात. म्हणजे काम झाले असे फक्त वाटते. सुटा पॅक भंगारात देणेही योग्य नाही, कारण तो पुढे कोणाच्या हातोडीखाली जाईल हे आपल्याला ठाऊक नसते. रीतसर केंद्रात पॅक सुरक्षितपणे रिकामे करून दळले जातात आणि त्यातून निघणाऱ्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम पुन्हा मिळवता येतात.

फुगलेल्या, गळणाऱ्या किंवा चिरडलेल्या पॅकला हा क्रम लागू नाही. तो रिकामा करण्याचा प्रयत्न करू नये, टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नये आणि इतर बॅटऱ्यांच्या खोक्यात टाकू नये. बाहेर ठेवलेला असतानाच संकलन केंद्राला कळवावे, पॅक खराब झालेला आहे हे आधी सांगावे आणि तो कसा आणायचा किंवा कोण नेणार याबद्दल त्यांच्याच सूचना पाळाव्यात.

चार्जरमध्ये साठवलेली ऊर्जा नसते, त्यामुळे त्याची विल्हेवाट तुलनेने सोपी आहे. प्लग काढून तो ई-कचऱ्यात द्यावा. मात्र देण्यापूर्वी त्याच मालिकेचा दुसरा पॅक घरात वापरात नाही ना, हे पाहावे, आणि चार्जर बिघडलेला असेल तर कोणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून त्यावर तसे ठळक लिहावे. छोट्या स्क्रूड्रायव्हरसारख्या काही अवजारांत बॅटरी आत बसवलेली असते आणि ती काढता येत नाही. असे अवजार न उघडता पूर्णच्या पूर्ण द्यावे आणि आत बॅटरी आहे हे घेणाऱ्याला तोंडी सांगावे, कारण बाहेरून ते कळत नाही.